मंडईतल्या थिएटरात त्यांचा पहिला सिनेमा लागला, पुढं त्यांनीच सिनेमाच्या पोस्टरवर चित्र आणलं

पुण्याच्या मंडईत गाडी घेऊन गेलं की पहिला प्रश्न एकच. लावायची कुठं? मग आर्यनच्या पार्किंगमध्ये जागा मिळते आणि आपण पिशवी घेऊन भाजी आणायला सुटतो. हे ‘आर्यन’ नाव कुठून आलं, याच्या भानगडीत कोण पडत नाही.

तर इथं आर्यन सिनेमा होतं. १९१५ साली गंगाधरपंत पाठकांनी सुरू केलेलं पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी थिएटर. ७ फेब्रुवारी १९२० ला तिथं ‘सैरंध्री’ लागला आणि एका कोल्हापूरकराचं नाव गाजलं.

बाबूराव पेंटर.

त्यांचं खरं आडनाव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूरचा. चित्रकलेच्या शाळेत न जाता घरातच हात तयार झाला. आतेमामे भाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पडदे इतके गाजले की धंदाच आडनाव होऊन बसला.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ बघितल्यावर दोघांना सिनेमाचं वेड लागलं. पण १९१६ साली आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत. दामल्यांना सोबत घेऊन त्यांनी कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला. तानीबाई कागलकरांनी पैसा दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. ‘सैरंध्री’ त्याच कंपनीचा. तो बघून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिल्याचं सांगतात.

आता मुद्दा पोस्टरचा.

तेव्हा सिनेमाची जाहिरात म्हणजे मुख्यतः मजकूर. सिनेमाचं नाव, थिएटर, वेळ, तिकिटाचे दर. पण १९२१ च्या जनगणनेत देशात वाचता येणारे होते शंभरात सात-आठ. म्हणजे मंडईत टोपली घेऊन बसलेल्या बाईला, हमालाला त्या कागदाचा उपयोग शून्य. सिनेमा मूक होता, तो त्यांना कळला असता. पण तो लागलाय हेच कळत नव्हतं.

पडदे रंगवणाऱ्या माणसाला लांबून बघणाऱ्याचा डोळा ठाऊक असतो. शेवटच्या रांगेतल्यालाही राजवाडा राजवाडाच दिसला पाहिजे. बाबूरावांनी हाच हिशोब भिंतीवर आणला. १९२३ च्या ‘वत्सलाहरण’चं पोस्टर भारतातलं पहिलं चित्रमय सिनेपोस्टर मानलं जातं. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज टिकून असलेल्या सर्वात जुन्या पोस्टरांत धरतात.

पोस्टरचे आजचे नियमही याच हिशोबावर चालतात. नजर आधी चेहऱ्यावर जाते, म्हणून चेहरा मोठा. ज्याच्या नावावर तिकीट खपतं तो सर्वात मोठा. कथेतला एकच क्षण दाखवायचा, शेवट सांगायचा नाही. नाव जाड अक्षरात, बाकीची नावं खाली बारीक. रस्त्यावरून चालता चालता कळलं पाहिजे, हा सिनेमा भांडणाचा की प्रेमाचा. मोबाइलवर अंगठ्याएवढ्या चित्राला बोट लावताना आपण दुसरं काय बघतो?

पण कंपनीचा काळ फार टिकला नाही. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम हे तिथंच घडलेले लोक बाहेर पडले, त्यांनी ‘प्रभात’ काढली. पुढं महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी नंतर मोजके सिनेमे केले, पण मन रमलं ते चित्रांत आणि शिल्पांत. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले.

पोस्टरचं नशीबच असं की पुढच्या शुक्रवारी त्याच्यावर दुसरं चिकटतं. बाबूरावांच्या हातची बहुतेक पोस्टरं अशीच गेली. १९८३ साली आर्यनही पाडलं.

पुढच्या वेळी मंडईत गाडी लावाल तेव्हा पावतीवरचं नाव एकदा वाचा. ‘सैरंध्री’ इथंच लागला होता.