श्रीनागदेवाचार्य : अटन आणि विजन

वैराग्य म्हणजे कर्माचा त्याग, असा समज साधकवर्गात सहज रूढ होतो. उलटपक्षी, अखंड राबणे हीच सेवा, असे मानणारेही पुष्कळ असतात. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेल्या आचारधर्मात या दोन्ही टोकांना थारा नाही. तेथे अटन आहे आणि विजनही आहे. अटनाने स्थानाचा व ओळखीपाळखीचा मोह तुटतो. विजनाने इंद्रिये आवरून चित्त परमेश्वराच्या स्मरणाकडे वळते. विजनावाचून केलेले अटन ही नुसती भटकंती होय आणि अटनावाचून केलेले विजन हे आळसाचे घर होय. हा समतोल जगून दाखविणारे पंथाचे पहिले आचार्य म्हणजे श्रीनागदेवाचार्य, अर्थात भटोबास.

भटोबासांच्या पूर्वायुष्याकडे पाहता त्यांच्याकडून असे काही घडेल, असे कोणास वाटले नसते. तारुण्यात ते उद्धट व साहसी वृत्तीचे होते, असे परंपरा सांगते. स्वामींचे सन्निधान लाभले आणि त्यांच्या वृत्तीचा ओघ पालटला. मातोश्री आबाइसा, भगिनी उमाइसा व नात्याने बहीण लागणाऱ्या महदाइसा यांनीही तोच मार्ग धरला. भटोबासांच्या अंगचा जोम मात्र नाहीसा झाला नाही. त्याचा विषय तेवढा बदलला. अनुसरणाचे मर्म येथेच आहे. परमेश्वराने दिलेली शक्ती कोमेजून टाकावयाची नसते. तिला जडलेली आसक्ती काढावयाची असते.

शके ११९६ (इ. स. १२७४) मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केले आणि भटोबासांची खरी कसोटी लागली. ज्यांच्यासाठी घरदार, आप्तस्वकीय सर्व सोडले, तेच दृष्टीआड झाले. वियोगाचे दुःख त्यांना अनावर झाले. अशा वेळी मनुष्य एकतर खचून स्वस्थ बसतो, नाहीतर स्वतःला कोणत्या तरी खटाटोपात बुडवून घेतो. भटोबासांनी यांतील काहीच केले नाही. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ते ऋद्धिपूरला आले आणि श्रीगोविंदप्रभूंच्या देहत्यागापर्यंत, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ, त्यांच्या सेवेत राहिले. दुःख तसेच राहिले, परंतु त्याला सेवेची वाट मिळाली.

या काळातील त्यांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. श्रीप्रभूंची सेवा, मार्गातील भक्तजनांचा सांभाळ, भिक्षा हे सर्व यथाविधी चाले. आणि त्याबरोबरच ऋद्धिपूरच्या वाजेश्वरी येथील एकांतात स्वामींच्या लीळांचे स्मरण चाले. बाहेरून पाहणाऱ्यास ते स्वस्थ बसलेले दिसत असतील. पण त्याच स्मरणातून पुढे केवढे कार्य उभे राहिले! म्हाइंभटांना या स्मरणाचा मागमूस लागला आणि त्यांनी लीळा लिहून घेण्याचा ध्यास घेतला. भटोबासांनी आठवून सांगावे, म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून ज्याने त्याने पाहिले-ऐकले ते मिळवावे, अशा रीतीने लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठीचा हा आद्य गद्यचरित्रग्रंथ एकाच्या विजनातून व दुसऱ्याच्या अटनातून जन्मला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

श्रीप्रभूंच्या पश्चात भटोबास निंबे येथे राहिले व आचार्यपदाचा भार त्यांनी वाहिला. अधिकार आला की मानाची गोडी लागते. त्यातून विद्वान शिष्य लाभले की ती गोडी वाढते. केशवराजसूरींसारखे पंडित त्यांच्याभोवती होते. संस्कृतात शास्त्ररचना झाली असती तर पंडितसभेत पंथाचा लौकिक वाढला असता. परंतु तसे केल्यास वृद्ध व अल्पशिक्षित स्त्रिया ज्ञानापासून वंचित होतील, या विचाराने त्यांनी मराठीचाच आग्रह धरला. लौकिकाविषयीची ही अनासक्ती वनात बसून मिळविलेल्या वैराग्यापेक्षा तसूभरही उणी नाही. शके १२२४ (इ. स. १३०२) मध्ये त्यांनी देह ठेवला आणि आचार्यपद बाइदेवबासांकडे गेले. त्यांच्या आठवणी स्मृतिस्थळात ग्रथित आहेत.

आज आश्रमांची बांधकामे, यात्रा, उपहार, पोथ्यांचे जतन अशा अनेक व्यापांत महात्मे गुंतलेले असतात. वासनिकांस तर प्रपंच आहेच. कार्य थांबवा असे भटोबासांचे चरित्र सांगत नाही. कार्याच्या गर्दीत विजनाची घटका चुकली की सेवेचे रूपांतर अभिमानात होते, एवढे मात्र ते दाखवून देते. मनुष्य मग आपण केलेल्या कामाचा हिशेब ठेवू लागतो आणि कोणासाठी केले ते विसरतो.

नांदेड जिल्ह्यात हदगावकडून पैनगंगेच्या खोऱ्याने माहूरच्या वाटेला लागलेल्या यात्रेकरूस उन्हाळ्यात नांगरून ठेवलेली काळी राने दिसतात. ती रिकामी असतात, पण पडीक नसतात. उन्हात तापून ती पुढील पेरणीस योग्य होत असतात. शेतकरी त्यांना विसावा देतो, कारण त्याला पिकाची चाड असते. आणि मृग लागताच तो घरी बसून राहत नाही. साधकाने आपल्या चित्ताची मशागत याच रीतीने करावी. नित्याच्या दिवसातील एक घटका स्मरणासाठी मोकळी ठेवावी, आणि त्या स्मरणातून उठताना हाती असलेले कर्तव्य अधिक निर्मळपणे करावे. भटोबासांच्या चरणी दंडवत घालणाऱ्याने त्यांच्याकडून निदान एवढे तरी घ्यावे.