सावित्रीबाई, प्लेग आणि आजीला सांभाळणाऱ्या मावशी

आगाशीतल्या माझ्या दवाखान्यात अधूनमधून कोणीतरी विचारते, की आईला वृद्धाश्रमात ठेवायचे आहे, तर काय पाहून जागा निवडू? खोली, जेवण, महिन्याचा खर्च हे सगळे त्यांनी पाहिलेले असते. आईला उचलणाऱ्या, पुसणाऱ्या, डायपर बदलणाऱ्या मावशींची चौकशी मात्र सहसा केलेली नसते. अशा वेळी मला सावित्रीबाई फुले आठवतात.

त्यांची शाळा तुम्हाला माहीत आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्म, १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा. १८९० मध्ये जोतीराव गेले, तरी सावित्रीबाईंनी काम सोडले नाही. पण त्यांचा शेवट कशाने झाला, हे विचारले की बरेच जण थांबतात.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याने पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला दवाखाना उघडला आणि साठी उलटलेल्या सावित्रीबाई तिथे रुग्णांची सेवा करू लागल्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या गायकवाड कुटुंबातल्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगतात. पुढे त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

डॉक्टर म्हणून मी इथे अडखळतो. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतो हे सिमोंड यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, म्हणजे सावित्रीबाई गेल्यानंतर. प्लेग फुप्फुसात उतरला तर तो खोकल्यातूनही पसरतो. रुग्ण पाठीवर घेतला की दोन्ही वाटा उघड्या. हाफकिन यांनी त्याच जानेवारीत मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, पण ती तेव्हा नुकतीच तयार झाली होती. प्रतिजैविके तर कित्येक वर्षे दूर होती. सावित्रीबाईंकडे स्वतःला वाचवायचे साधन जवळजवळ नव्हतेच.

तुमच्या आईच्या मावशींसाठी आज ते आहे, आणि महागही नाही. म्हणून वृद्धाश्रमात गेलात की आधी बेसिन बघा. साबण आहे का, नळाला पाणी येते का? मावशी एका आजींचे डायपर बदलून त्याच हातमोज्यांनी दुसऱ्या आजींकडे जातात का? हातमोजे काढल्यावरही हात धुवायलाच हवेत. हे चांगले शिकलेले लोकही विसरतात. इंजेक्शन, रक्त यांच्याशी संबंध येणाऱ्यांना हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस, आणि सगळ्यांना दरवर्षी फ्लूची लस मिळते का, हेही विचारा. संकोच करू नका.

आणि एक प्रश्न व्यवस्थापकांना जरूर विचारा: मावशींना ताप-खोकला आला आणि खाडा झाला, तर पगार कापता का? कापत असतील, तर त्या गोळी घेऊन कामावर येतील आणि तुमच्या आईला भरवायला तिच्या तोंडाजवळ बसतील. फ्लू तरुण मावशींना चार दिवस झोपवतो. ऐंशीच्या आजींना त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.