राजचंद्र बोस : मोजक्या बिंदूंची भूमिती

आपलं कोपर स्टेशन बघा. खालून कर्जत-कसारा लोकल धावतात, वरून वसई-दिवा गाडी जाते. रूळ समांतर नाहीत, तरी एकमेकांना भेटतही नाहीत. अशा न भेटणाऱ्या रेषांच्या भूमितीत रमलेल्या एका गणितज्ञाची ओळख मला करून द्यायची आहे.

राजचंद्र बोस यांचा जन्म १९ जून १९०१ चा, होशंगाबादचा. १९१८ च्या इन्फ्लुएंझात आई गेली, पाठोपाठ वडीलही. शिकवण्या करून त्यांनी दिल्लीत आणि मग कलकत्त्यात शिक्षण पुरं केलं. १९३२ मध्ये महालनोबिसांनी त्यांना संख्याशास्त्राकडे ओढलं. शेतात पिकांचे प्रयोग कसे मांडावेत, हा तिथला प्रश्न. बोसांनी उत्तर शोधलं ते मोजकेच बिंदू असलेल्या भूमितीत!

अशा एका भूमितीत १५ बिंदू आणि ३५ रेषा असतात, दर रेषेवर ३ बिंदू. त्यातल्या ५ रेषा अशा निवडता येतात की कुठल्याही दोन भेटत नाहीत आणि पंधराही बिंदू व्यापले जातात. हा झाला ‘स्प्रेड’. काही बिंदू उरले तर ‘पार्शल स्प्रेड’. १९६४ मध्ये ब्रुक आणि बोस यांनी स्प्रेडपासून नवी प्रतलं रचून दाखवली.

१९४९ पासून बोस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात होते. आपले शरच्चंद्र श्रीखंडे, जे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागप्रमुख झाले, ते तिथे त्यांचे विद्यार्थी. १० पलटणींचे १० हुद्द्यांचे १०० अधिकारी चौकोनात असे उभे करायचे की प्रत्येक ओळीत आणि रांगेत प्रत्येक पलटण व हुद्दा एकदाच यावा. १७८२ मध्ये ऑयलरचा अंदाज होता की हे अशक्य. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी तो खोटा ठरवला.

१९६० मध्ये रायचौधुरींसोबत बोसांनी चुका दुरुस्त करणारा कोड मांडला. फ्रान्सच्या ओकेंगेम यांना तो १९५९ मध्ये स्वतंत्रपणे सापडला होता, म्हणून नाव ‘बीसीएच’. आपण स्कॅन करतो त्या क्यूआर कोडमध्येही तो असतो. आणि नेटवर्कमध्ये पॅकेट एकमेकांत मिसळली तरी संदेश ओळखता यावा, म्हणून आज पार्शल स्प्रेडचेच कोड अभ्यासले जातात.

बोस ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी गेले. ‘एम-थ्रीचा जॉबला उपयोग काय?’ हा हॉस्टेलचा नेहमीचा प्रश्न. माझं उत्तर एवढंच : वाफ्यांसाठी केलेलं गणित मोबाइलपर्यंत पोचलं, आणि ते करणारा मुलगा शिकवण्या करून शिकला होता.