संत नामदेव

संत नामदेवांचा जन्म शके ११९२ मध्ये, म्हणजे इ. स. १२७० साली झाला. दामाशेटी हे त्यांचे वडील व गोणाई ही आई. घराणे शिंप्यांचे. हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नरसी बामणी हे त्यांचे जन्मगाव, अशी परंपरा आहे. काही अभ्यासक पंढरपूर सांगतात. बालपण मात्र पंढरपुरातच गेले.

नामदेवांचे मन व्यवसायात रमेना. ते विठ्ठलापुढे कीर्तनात रंगत. एकदा संतमेळाव्यात गोरोबा कुंभारांनी थापटण्याने प्रत्येकाची परीक्षा घेतली व नामदेवांना कच्चे मडके ठरविले, अशी कथा आहे. नामदेवांना वाईट वाटले. पण गुरूच्या शोधात ते औंढा नागनाथास गेले आणि विसोबा खेचरांना शरण गेले. तेथेच देवळासमोर कीर्तन करण्यास त्यांना मनाई झाली, तेव्हा ते मागील बाजूस जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे लोक सांगतात. देऊळ फिरले की नाही, हा वाद आपण बाजूला ठेवू. कीर्तन थांबले नाही, हे खरे मोलाचे.

या कीर्तनपरंपरेत तंतुवाद्याला मोठा मान आहे. एकतारीची घडण अगदी साधी. वाळलेला भोपळा कोरून त्यावर कातडे ताणतात, त्यातून वेळूची काठी आरपार घालतात व वर एकच तार चढवितात. तार छेडली की गाणाऱ्याला सुराचा आधार मिळतो. नामसप्ताहात तर वीणा जमिनीवर ठेवीतच नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

इ. स. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली. पुढे नामदेव उत्तरेस गेले व पंजाबातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले. तेथील लोकांसाठी त्यांनी हिंदीत पदे रचली. इ. स. १३५० मध्ये त्यांचे निर्वाण झाले. पंढरपूरच्या महाद्वारातील नामदेव पायरी सर्वांना ठाऊक आहे.

इ. स. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदे रागवार दिली आहेत. सारंदा हे वाद्यही याच गुरूंनी शीख कीर्तनात आणले, असे मानतात. एकाच लाकडाचा ठोकळा कोरून सारंदा घडवितात, खालचा भाग कातड्याने मढवितात आणि घोड्याच्या केसांच्या गजाने तो वाजवितात. एकतारीवर बोट पडते, येथे गज फिरतो; म्हणून सूर गळ्यासारखा लांबत जातो. हार्मोनियम आल्यावर सारंदा मागे पडला होता. अलीकडे काही कीर्तनकारांनी तो पुन्हा हाती घेतला आहे.