विल्यम टिंडेल : एका विश्वासू भाषांतरकाराचें चरित्र

जुनी मोटारगाडी नव्यानें सजविणारा कुशल कारागीर तिला ताजा रंग देतो, फाटक्या गाद्या बदलतो, दिवे लखलखीत करितो. परंतु तिचा मूळ घाट तो मोडीत नाहीं. जो मोडतो त्याची गाडी कितीही झगमगली, तरी ती पूर्वीची गाडी राहात नाहीं. दुसऱ्याच्या ग्रंथाचें भाषांतर करणें अथवा जुनें भाषांतर सुधारणें हेंही असेंच नाजूक काम आहे. ग्रंथ पवित्र शास्त्र असेल तर जबाबदारी फारच वाढते. ती ज्यानें प्राण वेंचून सांभाळली, त्या विल्यम टिंडेलचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

टिंडेलचा जन्म इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत इ. स. १४९४ च्या सुमारास झाला. ऑक्सफर्ड येथें त्यानें इ. स. १५१५ मध्यें एम्. ए. ची पदवी मिळविली. पुढें तो लिटल सॉडबरी येथें एका सरदाराच्या घरीं शिक्षक झाला. त्या काळीं बिशपाच्या परवानगीवांचून शास्त्राचें इंग्रजी भाषांतर करण्यास बंदी होती, आणि लॅटिन न जाणणाऱ्या सामान्य जनांस देवाचें वचन स्वतः वाचणें अशक्य होतें. नांगरामागें चालणाऱ्या पोरासही शास्त्र समजावें, हा ध्यास टिंडेलला याच घरीं लागला.

इ. स. १५२३ मध्यें त्यानें लंडनचा बिशप टन्स्टल याच्याकडे आश्रय मागितला. तो मिळाला नाहीं. तेव्हां एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या मदतीनें तो १५२४ मध्यें जर्मनीस गेला. कलोन शहरीं नव्या कराराची छपाई चालली असतां विरोधकांस सुगावा लागला, म्हणून छापलेले कागद उचलून तो वर्म्स येथें पळाला. तेथें इ. स. १५२६ मध्यें मूळ ग्रीकवरून केलेला त्याचा इंग्रजी नवा करार पूर्ण छापून निघाला. कापडाच्या गठ्ठ्यांत दडून प्रती इंग्लंडांत पोंचल्या, आणि बिशपाच्या हुकुमानें जाळल्या गेल्या. त्या आवृत्तीच्या आज तीनच प्रती ज्ञात आहेत.

विरोधाचें एक मोठें कारण शब्दांत होतें. एक्लेसिया या ग्रीक शब्दास त्यानें चर्च न म्हणतां मंडळी या अर्थाचा शब्द योजिला, आणि प्रेस्बुतेरोस यास याजक न म्हणतां वडील या अर्थाचा. त्यामुळें धर्माधिकाऱ्यांच्या सत्तेस धक्का बसत होता. सर थॉमस मोर या थोर विद्वानानें त्यावर कडक टीका केली. पण टिंडेल ढळला नाहीं. आपल्या मराठी शास्त्रांतही मंडळी व वडील हेच शब्द आहेत, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

त्याच्या निष्ठेची खरी ओळख मात्र मित्रपक्षाशीं झालेल्या वादांत पटते. इ. स. १५३४ मध्यें अँटवर्प येथील एका छापखान्यानें त्याचा नवा करार शुद्ध करण्याचें काम जॉर्ज जॉय याजकडे दिलें. जॉय शत्रु नव्हता; तोही धर्मसुधारणेचा कैवारी होता. परंतु त्यानें कित्येक ठिकाणीं पुनरुत्थान हा शब्द काढून मरणोत्तर जीवन या अर्थाचे शब्द घातले, आणि टिंडेलला विचारलें नाहीं. टिंडेल संतापला. ज्यास निराळा अर्थ वाटतो त्यानें स्वतः भाषांतर करून त्यावर स्वतःचें नांव घालावें, असें त्याचें म्हणणें होतें. यांत स्वतःच्या शब्दांचा अभिमान नव्हता. कारण त्याच वर्षीं त्यानें आपलें भाषांतर हजारों ठिकाणीं स्वतः सुधारून प्रसिद्ध केलें. त्याला सुधारणा नको नव्हती. लपवून केलेला बदल नको होता.

दरम्यान तो हिब्रू शिकला होता, आणि इ. स. १५३० मध्यें मोशेचीं पांच पुस्तकें त्यानें छापून काढिलीं होतीं. १५३५ च्या मे महिन्यांत एका विश्वासघातक्यानें त्यास पकडून दिलें. ब्रसेल्सजवळील व्हिलव्होर्डच्या किल्ल्यांत तो सुमारें सोळा महिने कैदेंत होता. तेथून लिहिलेल्या पत्रांत त्यानें गरम टोपी, झगा व रात्रीसाठीं दिवा मागितला. परंतु सर्वांहून अधिक कळकळीनें हिब्रू शास्त्र, व्याकरण व शब्दकोश यांची मागणी केली. इ. स. १५३६ च्या आक्टोबरांत त्याचा गळा आंवळून मग देह जाळण्यांत आला. राजाचे डोळे उघडावे अशी प्रार्थना त्यानें शेवटीं केली, असें सांगतात.

दोनच वर्षांनीं, १५३८ मध्यें, प्रत्येक देवळांत इंग्रजी शास्त्र ठेवण्याचा राजाचा हुकूम सुटला. इ. स. १६११ च्या सुप्रसिद्ध भाषांतरांत नव्या कराराचे पांचांतील चार हिश्श्यांहून अधिक शब्द टिंडेलचेच राहिले. त्या पंडितांनीं जागोजाग बदल केले, पण त्याचा घाट राखला.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या भाषांतराच्या वह्या तपासतांना कठीण शब्द गाळून वाक्य गोंडस केलेलें पुष्कळदां दिसतें. तें वाचावयास गोड लागतें, परंतु तें मूळ लेखकाचें नसतें. पुढच्या वेळीं लेखणी अडली म्हणजे अंधाऱ्या कोठडींत शब्दकोश मागणाऱ्या त्या कैद्याची आठवण करा, आणि आपला कोश उघडा.