शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

दसरा उलटला की बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील गावे रिती होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर ह्या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल एकट्याने फिटत नाही. पती आणि पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. म्हणून भांड्याकुंड्यांच्या गाठोड्यांवर बसून तान्ही आणि तीन-चार वर्षांची मुलेही जातात. शाळेच्या वयाचे मूल आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येते. आईवाचून न राहणाऱ्या मुलासाठी अशी सोय नाही. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर राहते, आणि ते स्वतः पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडात, पाचटावर वाढते.

‘अंगणवाडी’ हा शब्द आज इतका सरकारी झाला आहे की त्यामागे एखाद्या व्यक्तीचे जीवितकार्य असेल, अशी शंकाही आपणांस येत नाही. वस्तुतः तो शब्द आणि त्यामागील कल्पना ताराबाई मोडक ह्यांची. शाळेपर्यंत येऊ न शकणाऱ्या मुलासाठीच ती कल्पना जन्मली होती. म्हणून गाळप हंगामाच्या तोंडावर त्यांचे चरित्र आठवणे अप्रस्तुत ठरू नये.

मुंबई, अमरावती, राजकोट

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर; घर प्रार्थना समाजाच्या सुधारकी वळणाचे. मुलींनी चार इयत्ता शिकणे हेच जेथे नवल होते, त्या काळात त्या 1914 साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तथापि तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी घेऊन त्या वेगळ्या झाल्या. त्या काळच्या मध्यमवर्गीय स्त्रीला अशा प्रसंगी माहेरचा कोपरा किंवा नशिबाला दोष, एवढेच मार्ग मोकळे असत. ताराबाईंनी नोकरी पत्करली. राजकोट येथील बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या त्या पहिल्या भारतीय प्राचार्या झाल्या.

पद मानाचे होते, वेतन निश्चित होते. परंतु थोड्याच वर्षांत ते सोडून त्या भावनगरला गेल्या. तेथे नानाभाई भट्ट ह्यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका ह्यांनी 1920 साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे ह्या चिंतेतून ते मारिया मॉंटेसोरी ह्यांच्या ग्रंथांकडे वळले आणि वकिली मागे पडली. गुजरातेत त्यांना लोक प्रेमाने ‘मूछाळी मा’ म्हणत. ताराबाईंनी त्यांच्यासह 1926 साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली आणि पुढे मराठी शिक्षणपत्रिकेची धुरा वाहिली. आपल्या आयुष्याची दिशा त्यांना भावनगरातच सापडली.

वयाच्या पायऱ्या

बालमंदिराने त्यांना दिलेली दृष्टी थोडक्यात समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारे कार्य तिच्यावर उभे आहे. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस, आणि शिक्षण म्हणजे त्याच्या रिकाम्या डोक्यात अक्षरे व पाढे भरणे, ही आपल्याकडील रूढ समजूत. मॉंटेसोरी मूळच्या वैद्यकीय पदवीधर. 1907 साली रोमच्या सान लोरेंझो ह्या कष्टकरी वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले आणि मुलांचे निरीक्षण केले. भाषा, क्रम, हालचाल, इंद्रियांचे सूक्ष्म भेद ह्या प्रत्येक गोष्टीसाठी बालवयात एकेक विशेष ग्रहणशील काळ असतो, हा त्यांचा निष्कर्ष. पेरणीचा वाफसा गेल्यावर तेच बियाणे तितके उगवत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र सांगावे लागते.

1920 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये झां पियाजे मुलांच्या विचारप्रक्रियेचा शोध घेत होते. त्यांनी बालबुद्धीच्या अवस्था मांडल्या. जन्मापासून सुमारे दोन वर्षांपर्यंत मूल हाताने, तोंडाने, डोळ्याने जग ओळखते. पदराआड गेलेली वस्तू नाहीशी झालेली नसते, हेही त्याला ह्याच काळात उमगते. दोन ते सात ह्या वयात त्याला शब्द आणि प्रतीके सापडतात. काठीचा घोडा होतो, करवंटीचे पातेले होते. परंतु डोळ्यांना दिसते तेच त्याला खरे वाटते. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यावे आणि एका पेल्यातील पाणी त्याच्यासमोरच उंच, निमुळत्या भांड्यात ओतावे. चार वर्षांचे मूल उंच भांड्यात पाणी अधिक झाले असे सांगते. सातव्या-आठव्या वर्षी तेच मूल ह्या प्रश्नाला हसते. मधल्या काळात कोणी त्याला नियम पाठ करून दिलेला नसतो. ओतणे, सांडणे, मोजणे, मांडणे आणि मोडणे ह्यांतून ते तेथवर पोचलेले असते.

पुढील संशोधकांनी पियाजेंच्या मांडणीला मर्यादा दाखवल्या. मुलांची समज त्यांनी मानली त्याहून लवकर उमलते, अवस्थांच्या सीमा तितक्या काटेकोर नसतात, आणि मुलाशी किती बोलले जाते, त्याला काय हाताळावयास मिळते ह्यांवर पुष्कळ अवलंबून असते, हे पुढे आले. परंतु ह्या दुरुस्त्यांनी बालशिक्षणाचे महत्त्व वाढलेच आहे. पायऱ्या आपोआप चढल्या जात असत्या, तर बालमंदिरांची गरजच उरली नसती.

बोर्डीचा धडा

भावनगरहून महाराष्ट्रात परतल्यावर ताराबाईंनी 1936 साली दादर येथे शिशुविहार सुरू केला. मराठी मध्यमवर्गाने तो आपलासा केला. कीर्ती होती, शिष्या होत्या, शहरातील सुशिक्षित पालक मुलांना घेऊन येत होते. तेथेच थांबल्या असत्या तरी शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले असते.

परंतु एक प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. मॉंटेसोरी पद्धतीचे साहित्य महाग. घडीव लाकडी ठोकळे, मनोरे, दट्ट्या. ज्या पद्धतीचा जन्म गरीब वस्तीत झाला, ती भारतात येऊन श्रीमंतांच्या मुलांची मिरास होऊ लागली होती. देशातील बहुसंख्य मुले तर खेड्यांत होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, 1945 अखेरीस, ताराबाई मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. त्यांच्यासोबत पस्तिशीतल्या अनुताई वाघ होत्या. बालवैधव्य सोसून शिक्षिका झालेल्या ह्या बाईंनी पुढील सारे आयुष्य ह्याच कामाला दिले. ग्राम बाल शिक्षा केंद्र तेथे उभे राहिले. हेच वर्ष त्या परिसरात गोदावरी परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केल्याचे. मुले कोणत्या घरांतून यावयाची होती, ह्याची कल्पना त्यावरून यावी.

बालवाडी उघडली, परंतु तेथे आली ती गावातील बऱ्या स्थितीच्या घरची मुले. दलित वस्तीतील आणि वारली पाड्यांवरील मुले फिरकली नाहीत. अशा वेळी पालकांच्या अज्ञानावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे असते. ताराबाईंनी दोष आपल्या रचनेत पाहिला. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. कोणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यावयाचे, मुलांना गोळा करावयाचे, हातपाय धुवावयाचे, केस विंचरावयाचे, नखे काढावयाची, मग गाणी, गोष्टी, खेळ. ही अंगणवाडी. महागड्या साहित्याच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे, काटक्या आल्या. लहानमोठे, हलकेजड, खरखरीत-गुळगुळीत हे भेद त्यांनी तितकेच उत्तम शिकवले, आणि ते फुकट होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्यात एक महत्त्वाचे तत्त्व दिसेल: पद्धतीचा गाभा आणि तिचे भांडवली आवरण वेगळे करता आले, तरच ती गरीब देशात पसरू शकते.

कोसबाडच्या टेकडीवर

1957 साली, पासष्टाव्या वर्षी, ताराबाई आपली संस्था घेऊन आदिवासी भागात आणखी आत, कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथे नवी अडचण उभी राहिली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. मुलगा येत नसे, कारण त्याला गुरे राखावयाची असत. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. ताई शाळेत, बाळ पाळण्यात, दोघांच्या मधले भावंड बालवाडीत. तिघेही एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. गुराख्यांसाठी शाळाच कुरणावर गेली. मुलाच्या घरचे अर्थकारण जसे आहे तसे स्वीकारून शिक्षणाची घडी त्याभोवती बसवणे, ही त्यांची रीत होती.

1962 साली पद्मभूषण हा किताब त्यांना मिळाला. 31 ऑगस्ट 1973 रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अनुताईंनी 1992 साली आपल्या मृत्यूपर्यंत कोसबाडचे काम पुढे चालवले.

नाव राहिले, आशय?

ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज खेडोपाडी ती पोचली आहे, हे यश लहान नाही. आहार आणि लसीकरण ह्यांवाचून बुद्धीच्या वाढीच्या गोष्टी करणे फोल आहे. तथापि तेथील पूर्वशालेय शिक्षण हा विषय आहाराच्या आणि नोंदींच्या ओझ्याखाली दबतो, हे कोणतीही सेविका सांगेल. वजने घ्यावयाची, आहार वाटावयाचा, सर्वेक्षणे करावयाची, माहिती भरावयाची. आणि ह्या सर्वांचे जे मिळते त्याला वेतन न म्हणता मानधन म्हणावयाचे. सेविकांना उपदान देय आहे, एवढे मान्य होण्यासाठी 2022 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

कायद्याची स्थितीही अशीच अर्धवट. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने हक्क दिला तो सहा ते चौदा वयाला. सहा वर्षांखालील बालकांची जबाबदारी राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे, हक्क म्हणून नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, हे स्वागतार्ह; परंतु हंगामाबरोबर पाया हलत असेल तर टप्पा कोठे उभा करावयाचा?

पंधरा महिन्यांचा हिशेब

हिशेब साधा आहे. तीन ते सहा ह्या वयाचे छत्तीस महिने. त्यांत तीन गाळप हंगाम येतात. हंगाम पाच महिन्यांचा धरला तर पंधरा महिने मूल अंगणवाडीबाहेर असते, सहा महिन्यांचा धरला तर अठरा. ज्या काळात शब्द वाढावयाचे, गोष्टी ऐकावयाच्या, मांडामांड करावयाची, त्याचा जवळजवळ अर्धा भाग कोपीत आणि फडात जातो. मग ते पहिलीत मागे पडते, आणि आपण मास्तर मंडळी त्याला मठ्ठ म्हणून मोकळे होतो. बालवयातील गुंतवणुकीचा परतावा नंतरच्या गुंतवणुकीहून अधिक असतो, असे नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन ह्यांनी आकडेमोडीने दाखवले. ह्या मुलांनी गमावलेल्या महिन्यांची किंमत साखरेच्या भावात कोठेच धरलेली नसते. ती मूल स्वतः पुढे आयुष्यभर चुकवते.

फडात मूल एकदम रिकामे असते, असे मात्र समजू नये. उसाच्या कांड्या, वाढ्यांचे तुकडे, मातीची ढेकळे, बैलांच्या घुंगुरमाळा. ताराबाईंनी पाहिले असते तर ह्यातूनच त्यांनी साहित्य गोळा केले असते. तेथे उणीव आहे ती त्या वस्तूंवरून मुलाशी बोलणाऱ्या, त्याला मोजावयास लावणाऱ्या मोकळ्या प्रौढ माणसाची. पहाटेपासून मोळ्या बांधणारी आई ते करू शकत नाही. पाच वर्षांची बहीण कडेवर तान्हे घेऊन बसलेली असते. बोर्डी-कोसबाडची तीच मुलगी आज येथे दिसते.

उपायही तेथलाच आहे. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी साखरशाळांचे प्रयोग ह्या राज्यात होऊन गेले आहेत. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळही स्थापन झाले आहे. कारखान्याच्या हद्दीत जेथे टोळ्या उतरतात त्या प्रत्येक तळावर हंगामापुरते पाळणाघर आणि अंगणवाडी असावी; टोळीबरोबर येणाऱ्यांतीलच एखादी शिकलेली मुलगी प्रशिक्षण देऊन, योग्य वेतनावर तेथे नेमावी; आणि खर्चाचा वाटा साखर उद्योगाने उत्पादनखर्च म्हणून उचलावा. ऊस वाहण्यास वाहन लागते, तो खर्च कोणी दान समजत नाही. ऊस तोडणाऱ्या आईचे मूल सांभाळणे हाही त्याच हिशेबातला खर्च होय.

ताराबाईंच्या नावाने सभा घेणे सोपे आहे. यंदाचा बॉयलर पेटण्यापूर्वी निदान एका कारखान्याच्या तळावर अंगण झाडून घेतले गेले, तर त्या बाईंना आपले काम ओळखू येईल.