सुकुमार राय : बालकांचे चित्रकार-कवी

थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना आपण त्यांचा त्याग, विद्वत्ता व पराक्रम वाखाणतो. मुलांस पोट धरधरून हसविणे हीदेखील थोरवी असू शकते, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. बंगालचे सुकुमार राय हे अशा थोरांपैकी होत.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कलकत्त्यास झाला. वडील उपेंद्रकिशोर हे स्वतः बालसाहित्यिक, चित्रकार व हाफटोन ब्लॉकच्या तंत्राचे संशोधक होते. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेले सुकुमार १९११ साली मुद्रण व छायाचित्रण शिकण्यासाठी इंग्लंडास गेले. ते परतले त्याच वर्षी, १९१३ साली, वडिलांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले होते. बंगालीत संदेश म्हणजे निरोप, तशीच ती एक मिठाईही. नावातच खाऊ ठेवलेला! १९१५ साली उपेंद्रकिशोर निवर्तले आणि संपादनाचा भार सुकुमारांवर आला.

कविता त्यांची व चित्रही त्यांचेच, त्यामुळे शब्दांनी जे अर्धवट सोडावे ते रेषेने पुरे करावे, असा योग जुळून आला. बदक व साळिंदर यांचा त्यांनी एकच प्राणी करून टाकला. आम्ही उभा जन्म वर्गात संधी शिकविले; परंतु इतका गोड संधी कोणत्याही व्याकरणात आढळला नाही.

त्यांच्या एका कवितेत मुलीच्या बापाला भेटलेला गृहस्थ गंगाराम नावाच्या वराची माहिती पुरवितो. वर एकोणीस वेळा मॅट्रिकला नापास झालेला, रूप बेताचे, घरी दारिद्र्य, प्रकृती तोळामासा, एक भाऊ वेडा, तर दुसरा खोट्या नोटांपायी तुरुंगात. पण कुळ मात्र उच्च, तेव्हा स्थळ काही वाईट नाही! मुले ही कविता वाचून नुसती हसतात. वधूवरांच्या याद्या चाळणाऱ्या आपणां वडीलधाऱ्यांचे हसू मात्र मध्येच थबकते. प्रस्तुत लेखक पहिल्याच खेपेस मॅट्रिक झाला. तरी स्थळे पाहताना कुळाचाच प्रश्न त्यानेही आधी विचारला आहे, हे कबूल करणे प्राप्त आहे.

१९२१ साली पुत्र सत्यजित जन्मला आणि त्याच वर्षी सुकुमारांस काळा-आजाराने गाठले. तो रोग त्या काळी बहुधा प्राण घेऊनच जाई. आपले दिवस भरत आले हे जाणूनही त्यांनी अंथरुणावरून लिहिणे व चित्रे काढणे सोडले नाही. रवींद्रनाथ ठाकूर समाचारास आले असता त्यांनी त्यांच्याकडून गाणी गाऊन घेतली. ‘आबोल ताबोल’ या कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ, चित्रे व पानांची मांडणी त्यांनी बिछान्यातच सिद्ध केली. १० सप्टेंबर १९२३ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, ते गेले. पुस्तक बाहेर पडले ते त्यानंतर नऊ दिवसांनी.

सत्यजित तेव्हा अडीच वर्षांचाही नव्हता. पित्याची ओळख त्याला मुख्यतः या पानांतूनच झाली. पुढे चित्रपटांमुळे जगभर नाव झाल्यावर, १९६१ साली, त्याने बंद पडलेले ‘संदेश’ पुन्हा सुरू केले आणि त्यासाठी स्वतः कथा लिहिल्या, चित्रेही काढली.